टँकरवाल्याचा उन्हाळा

पारनेर, पाथर्डी, संगमनेर, नगर अशा आपल्या तालुक्यांतल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात दिवस उजाडतो तो एकाच प्रश्नानं. टँकर आला का? कुठवर आला? आज दुसरी खेप होणार का? टँकरविषयी आपण रोज बोलतो. तो चालवणाऱ्या माणसाविषयी बोलतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा रागानंच. म्हणून आजच्या भागात आम्ही त्याच्या कामाची माहिती घेऊन आलो आहोत. हे काम नीट समजलं, तर खेप का चुकते, पाणी कमी का भरतं आणि जाब नेमका कोणाला विचारायचा, हे आपल्याला कळेल. दुसरं असं, की त्या गाडीच्या मागंपुढं आपलीच लेकरं पळत असतात.

आधी हे काम हंगामी का, ते पाहू. आपला जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. पण पाऊस सगळीकडं सारखा नाही. अकोल्याच्या घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडं, काही वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडं यावं तसतसा तो आटत जातो आणि पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडं पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीच्या आडोशाला बसलेला हा पर्जन्यछायेचा मुलूख. त्यात खाली काळा कातळ. या कातळात पाणी मुरतं ते फटींत आणि भेगांत, साठतंही थोडंच. त्यामुळं फेब्रुवारीपर्यंत विहिरी साथ देतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तळ दिसायला लागतो. जिथं पाऊस धो-धो पडतो त्या अकोल्याच्या आदिवासी वाड्यांवरही मे महिन्यात हंडे घेऊन झऱ्यावर जावं लागतं, कारण उतारावरून पाणी वाहून गेलेलं असतं.

थंड मुलखात याच्या उलट हंगाम असतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि आयर्लंडमध्ये पुष्कळ घरं तेलावर चालणाऱ्या भट्टीनं उबदार ठेवतात. तिथं हिवाळा आला की घराघरांत तेल पोचवणाऱ्या टँकरवर हंगामी चालक घेतात आणि थंडी सरली की त्यांचं काम कमी होतं. तिकडं टँकर थंडीत चालतो, आपल्याकडं उन्हात. एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिकडच्या टँकरला मीटर असतो, आणि किती तेल उतरलं त्याची छापील पावती घरमालकाच्या हातात येते. आपल्याकडं किती पाणी उतरलं याचा पुरावा म्हणजे एक वही आणि तिच्यावरची सही. त्या वहीकडं आपण पुढं येऊच.

टँकर गावात येतो कसा?

सरकारी हिशेबात टंचाईचा आराखडा तीन टप्प्यांत होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. टँकर हा त्यातला शेवटचा उपाय. त्याआधी हातपंप दुरुस्त करणं, नळयोजनेची किरकोळ दुरुस्ती, गावातली खासगी विहीर अधिग्रहित करणं, तात्पुरती नळयोजना हे सगळं करून पाहायचं असतं. त्यानं भागलं नाही तर ग्रामपंचायत ठराव करते, तालुक्याचे अधिकारी येऊन पाहणी करतात आणि मग मंजुरी मिळते. मंजुरी झाली की बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची गाडी लागते. ठेकेदाराला पैसे मिळतात ते गाडी किती टनांची आणि किती किलोमीटर चालली यावर. चालकाला पैसे देतो ठेकेदार.

म्हणजे बघा, स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या हातात किती खेपा मंजूर करायच्या हे नसतं, कुठून भरायचं हेही नसतं आणि पंप कधी चालू होणार हेही नसतं. गावात मात्र सगळ्यांच्या समोर उभा राहतो तो एकटाच.

पाणी किती द्यायचं याचं माप ठरलेलं आहे. टँकरनं दिलं जाणारं पाणी ग्रामीण भागात माणशी रोज २० लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये नळानं माणशी रोज ५५ लिटर द्यायचं ठरलं आहे. त्याच्याशी तुलना केली तर टँकरचं पाणी निम्म्याहूनही कमी. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे सहा हंडे आणि वर एक लहान कळशी. त्यातच स्वयंपाक, पिणं, भांडी, अंघोळ आणि धुणं.

आता गावाचा हिशेब करू. वस्तीत १,२०० माणसं असतील तर रोज २४ हजार लिटर पाणी लागलं. टँकर १२ हजार लिटरचा असेल तर दोन खेपा. पण १,२०० हा आकडा आला कुठून? बऱ्याचदा तो २०११ च्या जनगणनेतून आलेला असतो. त्यानंतर घरं वाढली, सुना आल्या, नातवंडं झाली. शिवाय पाथर्डीसारख्या भागात ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्याच महिन्यांत पाणी सगळ्यांत कमी असतं आणि लग्नसराईही असते. २०१९ च्या दुष्काळात म्हणूनच २०१८ ची लोकसंख्या धरून पाणी द्यावं, असं सरकारनं ठरवलं होतं. तेव्हा दोन खेपा होऊनही पाणी पुरत नसेल, तर चालकानं चोरी केली असं म्हणण्याआधी मंजुरीत माणसं किती धरली आहेत हे ग्रामपंचायतीत जाऊन बघा. आकडा जुना असेल तर वाढीव खेपेसाठी ठराव करायला लावता येतो.

एका खेपेचा हिशेब

एक खेप म्हणजे किती वेळ? समजा, पाणी भरायची जागा गावापासून ३० किलोमीटरवर आहे. तिथं रांगेत पाऊण तास, टाकी भरायला अर्धा तास, भरल्या गाडीनं गावाला यायला सव्वा तास, खाली करायला अर्धा तास आणि रिकाम्या गाडीनं परत जायला एक तास. बेरीज झाली चार तास. दोन खेपा म्हणजे आठ तास. तिसरी खेप शेजारच्या वाडीची असेल तर बारा. आणि हे सगळं पंप सुरळीत चालला तर. भरायच्या ठिकाणी दोन तास वीज गेली, की रांगेतल्या सगळ्या गाड्या दोन तास मागं पडतात आणि शेवटची खेप रात्रीवर जाते. आपण म्हणतो, "मेला रात्री येतो, झोपू देत नाही." तोही सकाळी सहापासून जागाच असतो.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास हे कामाचं माप घालून दिलं. पाच तास सलग काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती, हेही त्यातच होतं. उन्हाळ्यातल्या टँकरवर हे माप पाळलं जाताना क्वचितच दिसतं. एकच चालक, एकच गाडी आणि खेपा तर झाल्याच पाहिजेत. मे महिन्यात केबिनमध्ये खालून इंजिनाची धग आणि वरून पत्र्याची. पाण्यानं भरलेली टाकी पाठीशी घेऊन तहानलेला माणूस गाडी चालवत असतो. चक्कर येणं, डोळ्यांपुढं अंधारी, पायात गोळे ही उष्माघाताची सुरुवात असू शकते. गावात टँकर आला की त्याला सावलीत बसायला जागा आणि तांब्याभर पाणी द्या. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी दिलं तर आणखी चांगलं. ही नुसती माणुसकी नाही. झोपेत किंवा चक्कर येऊन चालकाचा तोल गेला, तर ती गाडी आपल्याच रस्त्यावर असते.

पाण्याचं वजन आणि घाटाचा उतार

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे १२ हजार लिटरच्या टाकीत १२ टन पाणी, गाडीचं वजन वेगळं. पोत्यांचा माल दोरीनं बांधला की जागचा हलत नाही. पाणी हलतं. ब्रेक दाबला की पाण्याची लाट पुढं धावते आणि गाडीला पुढं ढकलते. वळणावर ती बाहेरच्या बाजूला झुकते. म्हणून चांगल्या टाकीत आतून भोकांचे आडवे पत्रे बसवलेले असतात. ते लाट तोडतात. गंमत अशी, की काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेली टाकी वळणावर जास्त धोक्याची. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते, अर्धीत भरपूर असते. म्हणून अर्धं पाणी एका वस्तीवर आणि अर्धं पुढच्या वस्तीवर द्यायचं असेल, तर मधला रस्ता चालकाला सगळ्यांत हळू कापावा लागतो. पुढच्या वस्तीवरच्या बायकांनी हे ध्यानात घ्यावं. तो उगाच रेंगाळत नसतो.

करंजी घाट, चंदनापुरी घाट असे उतार उतरताना नियम एकच. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच खालच्या गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची नाही. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. मुख्य रस्ता सोडला की वस्तीकडं जाणारी वाट कच्ची, एका गाडीपुरती. त्यात रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. टाकीवर चढून झाकण उघडणाऱ्या किन्नरासाठी या तारा जिवावरच्या असतात. वस्तीत टँकर उभा राहण्याच्या जागेवर तार खाली आली असेल, तर वीज कंपनीच्या वायरमनला आधीच कळवून ठेवावं.

विहिरीच्या काठावरचं भांडण

टँकर खाली करायच्या दोन पद्धती आपल्याकडं आहेत. एक, विहिरीत सोडायचं आणि मग बायकांनी शेंदायचं. दुसरी, साठवण टाकीत सोडायचं आणि नळाच्या तोट्यांतून भरायचं. विहिरीत सोडलं की काही पाणी भेगांतून मुरून जातं, गाळ ढवळून पाणी गढूळ होतं आणि काठावर एकाच वेळी पन्नास जणी पोहरे टाकतात. पाय घसरून बाई किंवा पोर विहिरीत पडण्याच्या घटना याच गर्दीत घडतात. टाकीत सोडलं तर पाणी वाया जात नाही आणि रांग लावता येते. पक्की टाकी नसेल तर प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या ठेवूनही हे काम होतं. ही मागणी चालकाकडं करून उपयोग नाही. ती ग्रामसभेत करायची.

गाडी मागं घेताना काय घडतं तेही समजून घ्या. टाकीमुळं चालकाला थेट मागचं काही दिसत नाही. दिसतं ते दोन बाजूंच्या आरशांतलं. आरशातही गाडीच्या अगदी मागचा भाग येत नाही. हंडे आधी भरावेत म्हणून पोरं नेमकी तिथंच धावतात. नियम साधा आहे. गाडी पूर्ण थांबून इंजिन बंद झाल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. मागं घेताना गावातल्या एकाच मोठ्या माणसानं, चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभं राहून, हातानं खुणा करायच्या. चौघांनी चार बाजूंनी ओरडलं तर त्याला एकाचंही ऐकू येत नाही. टँकरला लटकून कोणी यायचं नाही. ही चार वाक्यं घरातल्या प्रत्येक पोराकडून पाठ करून घ्या.

पाणी पिण्याजोगं आहे का?

टाकी कशाची आहे हा प्रश्न विचारायला लाजू नका. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. इथं मळी वाहणारे, स्पिरिट वाहणारे टँकरही रस्त्यावर असतात. रसायन, तेल किंवा मळी वाहिलेली टाकी पिण्याच्या पाण्याला चालत नाही, कितीही धुतली तरी. पेट्रोल-डिझेलसारखा धोक्याचा माल वाहणाऱ्या चालकाला तर वेगळं प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या गाडीवर तसं ठळक लिहिलेलं असावं, टाकीला झाकण असावं, गळती नसावी. झाकण नसेल तर धूळ आत जाते आणि हिसक्यानं पाणी बाहेर सांडतं.

टाकी आतून धुणं हेही चालकाच्या आणि किन्नराच्या वाट्याला येतं. बंद, गंजलेल्या टाकीत हवा कमी पडते. झाकण उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय आत उतरू नये. आत गेलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग धावत आत उतरू नये, नाहीतर एकाचे दोन होतात. आपला नवरा, भाऊ, मुलगा या कामावर असेल तर त्याला हे आवर्जून सांगा.

पाण्याच्या शुद्धीकरणाचं माप असं. १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे १२ हजार लिटरच्या खेपेला ६० ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं. त्यानंतर अर्धा तास पाणी वापरायचं नाही. हे काम गावच्या जलसुरक्षकाचं. क्लोरीन उरलं आहे की नाही हे तो ओटी चाचणीनं दाखवू शकतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर नाही. अशा दिवशी प्यायचं पाणी उकळून गार करून घ्या.

वहीवरची सही

आता ती वही. प्रत्येक टँकरबरोबर लॉगबुक असतं. गाडी कधी भरली, कधी पोचली, किती किलोमीटर झाले, हे त्यात लिहायचं आणि गावातल्या जबाबदार माणसाची सही घ्यायची. गाडीला जीपीएसही असतं. बिल निघतं ते या दोन्हींचा मेळ बसला तर. जीपीएस गाडी कुठं गेली ते सांगतं. टाकीत पाणी किती होतं ते सांगत नाही. ते सांगू शकता तुम्हीच.

गावाच्या पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. त्या कागदावर असतील तर टँकरपाशीही असू द्या. खाली करायच्या आधी झाकण उघडून एका काठीनं पाण्याची पातळी बघा. काठीवर भरलेल्या टाकीची खूण पहिल्याच दिवशी करून ठेवली की रोज मिनिटभराचं काम. पाणी कमी असेल तर तसं वहीत लिहा आणि मगच सही करा. न आलेल्या खेपेवर सही कधीच करू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. कोऱ्या पानावर तर मुळीच नाही. यात प्रामाणिक चालकाचाही फायदा आहे. भांडण झालं तर त्याच्या बाजूनं बोलणारी तीच वही असते. तक्रार करायची तर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं द्या. तिथं दाद लागली नाही तर गटविकास अधिकारी आणि तहसील कार्यालय. चालकाच्या अंगावर धावून जाऊन खेप वाढत नाही. उलट दुसऱ्या दिवशी तो यायला धजत नाही आणि शेवटच्या टोकाची वस्ती कोरडी राहते.

बाईनं टँकर चालवला तर?

हा प्रश्न आमच्या श्रोत्यांनीच विचारला होता. कायद्याची काही आडकाठी नाही. व्यावसायिक वाहनासाठी वय किमान २० वर्षं लागतं. आधी हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष हातात असावा लागतो. मग मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून अवजड वाहनाचं प्रशिक्षण घेऊन चाचणी द्यायची. आपल्या जिल्ह्यात नगर आणि श्रीरामपूर अशी दोन आरटीओ कार्यालयं आहेत. एसटीनं बायकांना चालक म्हणून तयार केलं आणि २०२३ पासून त्या प्रवासी गाड्या चालवू लागल्या. बस चालवणाऱ्या बाईला टँकरही चालवता येईल. अडचण आहे ती इतर गोष्टींची. रांगेत सहा-सहा तास थांबायचं आणि तिथं संडास नाही, रात्रीची खेप आणि रस्त्यावर दिवा नाही. भरण्याच्या ठिकाणी या सोयी झाल्या तर त्या पुरुष चालकांच्याही कामाला येतील.

पहिला चांगला पाऊस झाला की टँकर बंद होतात. साधारण ३० जूननंतर, पाऊस लांबला तर थोडं पुढं. त्या दिवशी आपण हंडे पालथे घालतो आणि चालकाचं काम सुटतं. मग तो वाळू-खडीच्या गाडीवर जातो, दिवाळीनंतर उसाच्या ट्रकवर, आणि होळीच्या सुमारास पुन्हा टँकरवर. ठेकेदारानं हंगामाचा शेवटचा पगार अडकवू नये म्हणून त्यानं आपल्या हजेरीची आणि खेपांची वेगळी नोंद ठेवावी. घरातल्या बाईनं ती रोज वहीत लिहून ठेवली तर उत्तमच. अपघात विमा आहे का, परवाना आणि गाडीचे कागद चालू आहेत का, हेही कामावर जायच्या आधी विचारावं.

आणि तरीही टँकर हे कायमचं उत्तर नाही, हे चालकही सांगतात. त्यांच्यातले बरेचसे अशाच कोरड्या गावांतले. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे एकेकाळी टंचाईचंच गाव होतं. तिथं डोंगरावर चर खणले, पाणी अडवलं, शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं आणि ऊस लावणं सोडलं. दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, कोणतं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात आणि मग शेतीचं बघतात.

तुमच्या गावातही ऑक्टोबरमध्ये ग्रामसभा होईल तेव्हा विहिरीची पातळी मोजायला लावा आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरेल का, हा हिशेब तिथंच मांडा. तोवर उद्या टँकर येईल तेव्हा एवढं करा. लेकरं मागं धरा, पातळी बघा, खरी तीच सही करा आणि चालकाला पाणी विचारा.